पाऊण मयत

आमचं आडनाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं की तुम्ही लगेच विचारणार, "म्हणजे त्या पैलवानांपैकी का?" नाहीतर, "त्या गाणाऱ्या बाई तुमच्या कोण?" लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही. मागे घसा धरला म्हणून डॉक्टरकडे गेले. त्याने जीभ बाहेर काढायला सांगितली, आणि काढल्यावर केसपेपर बघून म्हणतो कसा, "गाणाऱ्या बाईंच्या नात्यातल्या का?" आता जीभ बाहेर असताना माणसाने घराण्याची काय माहिती द्यायची.

खरं म्हणजे या आडनावाने मोठी माणसं बरीच दिली. एक पैलवान झाले, त्यांच्या एका मांडीवर दोन माणसं आरामात बसत. एक त्या गाणाऱ्या बाई. एक गणिती झाले. त्यांनी काय शोधलं ते समजणारी माणसं जगात अकरा आहेत म्हणे, आणि त्यातली सात एकमेकांशी बोलत नाहीत. आणि एक चौथे होते, ते तीन वेळा तुरुंग फोडून पळाले. तेही आपल्या क्षेत्रातले नामवंतच म्हणायचे. या चौघांचं आपसात काही नातं नाही आणि आमचं तर एकाशीही नाही. आडनाव तेवढं सारखं. छत्री हरवली की दुसऱ्याची तशीच छत्री आपली वाटते, तेवढाच संबंध.

आमचे हे पाणीखात्यात चावीवाले होते. कुलपाच्या चाव्या नव्हेत. रस्त्यात लोखंडी झाकण असतं, त्याच्या मधोमध भोक असतं, त्यातून कमरेएवढी उंच लोखंडी चावी खाली सोडायची आणि खालचा व्हॉल्व्ह फिरवायचा. एका बाजूने फिरवला की गल्लीला पाणी येतं, उलटा फिरवला की जातं. यांनी तो एकतीस वर्षं फिरवला, पहाटे पाचला. अंगात ताप असताना फिरवला, पाय मुरगळलेला असताना फिरवला, आणि माझ्या सख्ख्या भावाच्या लग्नाला निघालेली बस कोपऱ्यावर थांबवूनही फिरवला. अख्खी बस खिडक्यांतून माना काढून बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण त्या दिवशीही गल्लीने आंघोळी केल्या.

मागच्या वर्षी हे निवृत्त झाले. ऑफिसात निरोपाचा कार्यक्रम होता. साहेबांनी खिशातून कागद काढला आणि वाचला. कागदावर नाव दुसऱ्याच कुणाचं होतं. "ड्रेनेज खात्यात आपण जी सेवा बजावली" असं ते सात मिनिटं वाचत होते. हे हातात फुलं घेऊन उभे. मी पहिल्या रांगेतून उठणारच होते, पण यांनी डोळ्यांनीच मला खाली बसवलं. वाचून झाल्यावर हे म्हणाले, "आभारी आहे." घरी येऊन फुलं तांब्यात ठेवली आणि पुन्हा त्या विषयावर चकार शब्द काढला नाही. मी त्या ड्रेनेजवाल्याचं नाव अजून विसरलेले नाही. आपल्या माणसाचं नाव एकदाही कुणी धड घेतलं नाही, हे माझ्या घशात अडकलं ते अडकलंच.

आमच्या गल्लीला नाव नाही. पाण्याच्या टाकीच्या मागे आहे म्हणून टाकीमागची गल्ली. गेल्या वर्षाअखेर टाकीच्या भिंतीवर वॉर्ड ऑफिसचा कागद लागला, की बिननावाच्या सगळ्या गल्ल्यांना नावं द्यायची आहेत, रहिवाशांनी सुचवावीत. खालच्या मजल्यावर निवृत्त मुख्याध्यापिका राहतात, त्यांना आम्ही हेडबाई म्हणतो. त्यांनी त्याच दुपारी 'सुविचार मार्ग' असं नाव सुचवलं आणि सह्या गोळा करायला प्रत्येक जिना चढल्या. माझ्याकडे आल्या तेव्हा मी म्हटलं, "सुविचार कधी पाणी सोडायला आला नव्हता." त्यांना काही कळलं नाही. मला मात्र त्याच क्षणी कळलं की मी काय करणार आहे.

यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हे "कशाला उगाच" म्हणाले असते, आणि यांच्या "कशाला उगाच"पुढे आजवर माझं काही चाललेलं नाही.

वॉर्ड ऑफिसात सात नंबरच्या खिडकीत एक बाबू बसतो. त्याचं पेन दोरीने टेबलाला बांधलेलं आहे आणि दोरी एवढी आखूड, की सही करायला माणसाला खिडकीतून आत डोकं घालावं लागतं. मी त्याला पेनवाला म्हणते.

"कुणाचं नाव द्यायचंय?" त्याने विचारलं.

"आमच्या यांचं."

"कधी वारले?"

"वारतायत कशाला. घरी वाटाणे सोलतायत."

त्याने पेन खाली ठेवलं. "मग नाही जमणार. हयात व्यक्तीचं नाव रस्त्याला देता येत नाही. नियम आहे."

"म्हणजे मी त्यांच्या मरणाची वाट बघत बसू?"

"तसं नाही हो, मावशी," तो समजुतीने म्हणाला. "पण नोटीस तीस दिवसांची आहे."

मी परत आले ती पाय आपटतच. जिन्याखाली शिंपीदादांचं दुकान आहे. शिंपीदादा तोंडात टाचण्या धरून बोलतात, त्यामुळे त्यांचं ऐकायला जवळ वाकावं लागतं, आणि जवळ वाकून ऐकलेला सल्ला माणसाला उगाचच खरा वाटतो. माझं सगळं बोलणं ऐकून ते म्हणाले, "वहिनी, पहिलं नाव लिहूच नका. नुसतं आडनाव लिहा. माणूस हयात असतो. आडनाव कुठे हयात असतं?"

"मग ते मेलेलं असतं का?"

"तेही नसतं. तीच तर गंमत आहे."

मला पटलं. पाटीवर नुसतं आडनाव येईल, लोक म्हणतील पैलवानांचं, म्हणतील बाईंचं, म्हणोत बापडे. यांना कळेल, मला कळेल, बास.

दुसऱ्या दिवशी पेनवाल्याने अर्ज वाचला आणि मान वर केली. "हे कोणते?"

"तुम्हाला कोणते हवेत?"

"मयत."

"मयत हवे तेवढे आहेत."

"क्षेत्र लिहावं लागेल. कला, क्रीडा, विज्ञान, जे असेल ते. आणि मागे जीवनपरिचय जोडावा लागेल."

माझी सून विमा कंपनीत आहे. शिकलेली आहे, स्वभावाने शांत आहे, आणि मी सांगितलेलं लगेच करते, म्हणजे मग नंतर तिला म्हणता येतं की आईंनी सांगितलं होतं. तिने ऑफिसातून चौघांचे चार कागद छापून आणले. "आई, यातला कुठला द्यायचा?"

मी म्हटलं, "सगळे दे. एक नापास झाला तर दुसरा हाताशी असावा."

तिने माझ्याकडे एकदा बघितलं, चारही कागदांना टाचणी मारली आणि दिले. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. सरकारी रकान्यात किती माणसं मावतात ते मला कुणी शिकवलं नव्हतं. आणि पेनवाला पडला कामाला चोख. समोर आलेल्या कागदातलं एक अक्षर वाया घालवणार नाही. त्याच्या संगणकावर 'प्रस्तावित व्यक्ती' असा एकच रकाना होता. त्याने चौघांना त्यात बसवलं.

आठ दिवसांनी टाकीच्या भिंतीवर नोटीस लागली. मी बोट ठेवून ठेवून वाचली. आमचं आडनाव, पुढे मार्ग, आणि खाली लिहिलेलं: "सदर व्यक्ती कुस्ती, गायन व उच्च गणित या क्षेत्रांत अग्रगण्य असून तीन वेळा स्वप्रयत्नाने तुरुंगाबाहेर पडली. सदर व्यक्तीचा जन्म चार ठिकाणी झाला. सदर व्यक्तीचे तीन वेळा निधन झाले आहे. कोणाची हरकत असल्यास तीस दिवसांत कळवावी."

मी तशीच सात नंबरच्या खिडकीवर. "अहो, हा एक माणूस नाही."

"अर्ज एकच आहे."

"माणसं चार आहेत."

"मग अर्ज चार हवे होते. आता दुरुस्तीचा अर्ज द्या. त्याला सहा महिने लागतात."

"आणि नोटीस?"

"तीस दिवसांची."

मी गप्प बसले. हे वाक्य आमच्या घरातल्या कुणालाही वाचून दाखवा, ते विश्वास ठेवणार नाहीत.

मला वाटलं, आता गल्ली पोट धरून हसणार. पण छापलेल्या कागदाचं काही सांगता येत नाही. पहिल्या संध्याकाळी पेपरवाला म्हणाला, त्याच्या आजोबांना या माणसाने दीड मिनिटात चीत केलं होतं. दुसऱ्या दिवशी शिंपीदादांना आठवलं, की त्यांच्या वडिलांनी या माणसाचा कोट शिवला होता, छाती पन्नास. "आणि माप घेताना सारखे गुणगुणत होते," ते म्हणाले. ज्यांनी मला ही वाट दाखवली त्यांनाही आठवायला लागलं, तिथे इतरांचं काय. तिसऱ्या दिवशी हेडबाई स्वतः वर आल्या. मी भांडणाच्या तयारीने दार उघडलं.

"मी माझा अर्ज मागे घेतेय," त्या म्हणाल्या. "मला ठाऊकच नव्हतं हो तुम्ही त्यांच्यापैकी. मी ऐकलंय त्यांना, लहानपणी. काय आवाज होता. आणि देह बघितला तर वाटायचं नाही की हा माणूस इतकी बारीक तान घेईल."

"हो का," मी म्हटलं.

"तुरुंगात कशाबद्दल होते?"

"गणिताबद्दल," मी म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही. त्यांनी हळहळून मान हलवली आणि खाली जाऊन वहीत लिहून ठेवलं.

घरात मात्र वेगळंच चाललं होतं. हे नोटीस वाचून आले, खुर्चीत बसले आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "तुला मोठ्या लोकांची एवढी हौस असेल असं वाटलं नव्हतं." एवढंच. दुसऱ्या दिवसापासून हे बाजारात जाताना टाकीवरून न जाता मागच्या बाजूने जायला लागले, वळसा घालून, गुडघे दुखत असताना. मला बोलायचं होतं. पण कामच झालेलं नाही तर बोलून काय उपयोग, पाटी लागली की आपोआप कळेल, असं म्हणून मी ओठ मिटून पोळपाट आपटत राहिले.

मग हरकतवाले आले. रविवारी सकाळी, सगळे एकदम, आमच्या घरी, कारण अर्जावर पत्ता आमचा. आमच्याकडे खुर्च्या दोन. एकीवर पैलवानांचे एक शिष्य बसले. त्यांचे कान दुमडून दुमडून फुलकोबीसारखे झालेले होते आणि ते बसल्याबरोबर खुर्चीने आयुष्यात पहिल्यांदा आवाज काढला. दुसरीवर गाणाऱ्या बाईंची शिष्या बसली. तिने गळ्याला लोकरीचा पट्टा गुंडाळलेला होता आणि आवाज जपायचा म्हणून ती इतकं हळू बोलत होती, की तिचा राग समजून घ्यायला सगळ्यांना पुढे झुकावं लागत होतं. गणिताचे एक वाळके प्राध्यापक होते, अकरांपैकी एक. ते दाराला टेकून उभे राहिले.

"आमचे उस्ताद गात नव्हते," शिष्य म्हणाले. "गाणाऱ्याचा दम वाया जातो, असं म्हणायचे."

"आमच्या बाईंनी कुणाला चीत केलेलं नाही," शिष्या पुटपुटली. "म्हणजे, हातांनी नाही."

"पण मी ऐकलंय ना," दारातून हेडबाई म्हणाल्या. त्या कुणी न बोलावता आल्या होत्या आणि सोबत वही होती.

मी प्राध्यापकांना विचारलं, "तुमची काय हरकत?"

"माझी हरकत नाही," ते म्हणाले. "मी आभार मानायला आलोय. सर एकटे असते तर ती नोटीस कुणी वाचली असती? काल माझ्या दूधवाल्याने मला विचारलं, की तुमच्या सरांनी कुठला डाव शोधला. चाळीस वर्षांत सरांबद्दल मला कुणी काही विचारलेलं नाही."

मी चहा केला. दुसऱ्या चहाला शिष्या शिष्यांना विचारत होती, की जोर काढताना श्वास कुठे धरता. तिसऱ्याला त्यांनी उठून दाखवलं, तेव्हा प्राध्यापकांना खुर्ची मिळाली. निघताना तिघेही एकाच रिक्षात बसले. हरकती मात्र शिष्य आणि शिष्येने दिल्याच; लिहून आणलेल्या होत्या, त्या कशाला फुकट घालवायच्या.

इथवर मी सांभाळून नेलं असतं. पण सोमवारी पोलीस आला. मध्यम वयाचा, घामाघूम, हातात नोटिशीची प्रत.

"आजी, या माणसाचं तीन वेळा निधन झालंय असं लिहिलंय."

"हो."

"चौथं कुठाय?"

मी म्हटलं, तीन पुरत नाहीत का. तर त्याने सांगितलं, की तुरुंग फोडणारे जे चौथे, ते तिसऱ्यांदा पळाले ते सापडलेच नाहीत. कागदोपत्री ते अजून फरारी आहेत. आज असते तर एकशे तीन वर्षांचे असते. "पण असतीलही," तो जरा अदबीने म्हणाला. "माणूस फार चपळ होता."

चार दिवसांनी वॉर्ड ऑफिसचं पत्र आलं. सुनेने मोठ्याने वाचलं. "प्रस्तावित व्यक्ती ही सध्या पाऊण मयत असल्याने प्रकरण स्थगित ठेवण्यात येत आहे. उर्वरित पाव भाग मयत असल्याचे वारसाने लिहून दिल्यास पुढील कार्यवाही करण्यात येईल. हरकतींवरील सुनावणीस वारसाने हजर राहावे." आणि वारस म्हणून गल्लीत त्या आडनावाचा एकच पुरुष कागदावर सापडला होता. पत्र यांच्या नावावर होतं. म्हणजे आडनाव बरोबर होतं. पहिलं नाव त्यांनी ड्रेनेजवाल्याचंच टाकलं होतं.

यांनी चष्मा लावून पत्र स्वतः पुन्हा वाचलं. घडी केली. "मी सही करणार नाही."

"का?"

"मी या माणसाला ओळखत नाही. तो मेला असं मी कसं लिहून देऊ? कुणी तरी अजून वाट बघत असेल त्याची."

"एकशे तीन वर्षांच्या माणसाची कोण वाट बघतंय?"

"एकशे एक वर्षांची बाई बघत असेल," हे म्हणाले.

आता या माणसापुढे काय बोलायचं. इतक्या वर्षांच्या संसारात मी याच स्वभावाला "नेभळटपणा" म्हणत आले, आणि त्या क्षणीही तेच म्हटलं, जरा मोठ्याने. यांनी पत्र टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "सुनावणीला येतो. सही करत नाही, हे तिथे सांगतो. पण तुझ्या त्या मोठ्या लोकांच्या मध्ये मला घालू नकोस."

त्या दिवसापासून सुनावणीपर्यंत आमच्या घरात सगळं बोलणं सुनेमार्फत झालं. "आईंना सांग, मीठ कमी आहे." "बाबांना सांग, डबा तिथेच आहे." ती बिचारी स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्या मध्ये उंबऱ्यावर बसून जेवायची.

सुनावणीला ऑफिसचा मोठा हॉल भरला होता. पुढच्या रांगेत कुस्ती, मागच्या रांगेत गायन, कोपऱ्यात गणित, दारात पोलीस. हेडबाईंच्या मांडीवर चाळीस पानांची वही: 'व्यक्ती आणि कार्य'. समोर एक अधिकारी बाई बसल्या होत्या, पन्नाशीच्या, नुकत्याच पाणीखात्यातून बदली होऊन आलेल्या. त्यांनी सगळी फाईल पहिल्या पानापासून वाचली. मधे एकदा थांबून पाणी प्यायल्या. मग मला उभं केलं.

"बाई, हे नक्की कोण आहेत? आणि तुम्हाला ते कशासाठी हवेत?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. सुनेने लिहून दिलं होतं, चार ओळी, त्यात 'बहुआयामी' असा एक शब्दही होता आणि तो मी दोन दिवस घोकला होता. मी तोंड उघडलं, आणि समोर मला हे दिसले. शेवटच्या रांगेत, पंख्याखाली, मांडीवर हात ठेवून, कुणाच्या अध्यात ना मध्यात, आपल्या नावाचा पुकारा होण्याची वाट बघत बसलेले. आणि पुकारा होणार तोही ड्रेनेजवाल्याच्या नावाने.

"मला यातलं कुणीच नको," मी म्हटलं. "मला ना कुस्ती कळते ना गाणं. मला आमच्या यांचं नाव हवं होतं. टाकीमागच्या गल्लीचं पाणी यांनी एकतीस वर्षं सोडलं आणि निरोपाच्या दिवशी तुमच्या साहेबांनी दुसऱ्याच माणसाला निरोप दिला. यांचं नाव देता येत नाही, कारण हे जिवंत आहेत. म्हणून मी मेलेले गोळा केले. आता हे स्वतः पाव माणसाच्या मरणावर सही करत नाहीत, आणि ते त्यांचं बरोबर आहे. अर्ज द्या इकडे. मागे घेते."

पंख्याखालचे हे उठून उभे राहिले. का उठलो ते बहुतेक त्यांनाच कळलं नाही, म्हणून परत बसले.

मग पैलवानांचे शिष्य उठले. "अर्ज मागे घ्यायला आमची हरकत आहे."

"तुमची तर अर्जालाच हरकत होती," अधिकारी बाई म्हणाल्या.

"ती होती. पण आता आखाड्यात आम्ही नोटीस चौकटीत लावलीय. पोरं तिच्याकडे बघून जोर काढतात."

शिष्येने गळ्याचा पट्टा सोडला आणि पहिल्यांदाच ऐकू येईल असं बोलली. "बाईंच्या आवाजात जी ताकद होती, ती कुठून आली असेल याचा आम्ही कधी विचारच केला नव्हता." प्राध्यापक म्हणाले, सर तीनदा पळाले हे त्यांना माहीत नव्हतं, पण सरांच्या घरची परिस्थिती बघता अगदीच अशक्य नाही. हेडबाईंनी पान सतरा वाचायला सुरुवात केली. पोलीस म्हणाला, माणूस सापडेपर्यंत फाईल बंद करता येणार नाही. पेनवाल्याने सगळ्या नव्या हरकती टिपून घेतल्या आणि वर बघून सांगितलं, "माघारीवर हरकत आली तर वेगळी सुनावणी लागते."

"कधी?" मी विचारलं.

"नोटीस काढावी लागेल," तो म्हणाला. "तीस दिवसांची."

ती फाईल अजून चालू आहे. गल्ली अजून बिननावाचीच आहे.

हॉल रिकामा झाल्यावर अधिकारी बाईंनी आम्हा दोघांना थांबवून घेतलं. फाईलच्या तळातून त्यांनी पाण्याच्या लाइनचा एक जुना नकाशा काढून पसरला होता. "नियम रस्त्यांना आहे," त्या म्हणाल्या. "व्हॉल्व्हला काही नियम नाही. व्हॉल्व्हला नुसता नंबर असतो, आणि तुमच्या व्हॉल्व्हचा नंबर कुणी तरी ड्रेनेजच्या झाकणाला देऊन ठेवलाय. दोन महिने नवीन चावीवाला भलतीच झाकणं उघडतोय. ओळखण्यासाठी त्यावर काहीतरी लिहायला हवं." त्यांनी यांच्याकडे बघून पेन उघडलं. "पूर्ण नाव सांगा."

हे म्हणाले, "कशाला उगाच."

मग मी सांगितलं. यांचं, यांच्या वडिलांचं, आणि आडनाव. सावकाश, एकेक अक्षर सुटं करून, आणि दारात घोळका करून उभ्या असलेल्या कुस्ती-गायनापर्यंत पोचेल एवढ्या आवाजात. बाईंनी लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. बरोबर होतं.

मंगळवारी रंगारी आला. झाकणाच्या भोकाभोवती त्याने पिवळ्या रंगात गोल नाव काढलं. मी शेजारी उभी राहून काढून घेतलं, कारण माझा आता कुणावर भरवसा राहिलेला नाही. पण नाव रस्त्यात असल्याचा ताप काय असतो ते मला संध्याकाळपर्यंत कळलं. जो येतो तो त्याच्यावर पाय देऊन जातो. पेपरवाल्याने सायकलचं चाक आडनावावरून नेलं. हेडबाई त्याच्यावर उभ्या राहून कुणाशी तरी पान सतराबद्दल बोलत होत्या. मी खिडकीत स्टूल घेऊन बसले आणि वरून हाकलायला लागले. शिंपीदादांनी सुचवलं, की भोवती दोरी बांधा. मी बांधली. खात्याच्या माणसाने येऊन सोडली.

यांनी अजून नावाबद्दल एक शब्द काढला नव्हता. मात्र बाजारात जाताना पुन्हा पुढच्या बाजूने जायला लागले होते.

शुक्रवारी पहाटे नळाला पाणी आलं नाही. साडेपाच झाले. खिडकीतून बघितलं तर नवीन चावीवाला, चाळिशीचा धट्टाकट्टा माणूस, चावी भोकात घालून लोंबकळत होता आणि व्हॉल्व्ह हलत नव्हता. हे जिना उतरून गेले. मी मागोमाग गेले. यांनी त्याच्या हातातून चावी घेतली, त्याला बाजूला केलं आणि झाकणावर चढून उभे राहिले, दोन्ही पाय फाकवून, ताज्या पिवळ्या अक्षरांवर.

"अहो," मी म्हटलं. तीन दिवस मी अख्ख्या गल्लीशी त्या अक्षरांवरून भांडत होते. "निदान तुम्ही तरी नावावरून उतरा."

हे चावीवर वाकले होते. मान वर न करता म्हणाले, "इथे पाय रोवल्याशिवाय ही फिरत नाही."

खाली कुठे तरी लोखंड कुरकुरलं. चावी बोटभर सरकली आणि यांचा उजवा पाय दवाने ओल्या झालेल्या रंगावरून सटकला. मी पुढे होऊन यांचा दंड धरला.

"मग नीट रोवा," मी म्हटलं, "आडनावावरून घसरताय."